मोजणी दुसऱ्या वाटीपासून

लोकांना वाटतं, वाटी म्हणजे वाटी. त्यांचं हे वाटणं निस्तरण्यात माझी नऊ वर्षं गेली. आमची कंपनी बिस्किटांची आणि तयार पिठांची पाकिटं करते. त्यासाठी कुणाच्या घरातल्या, कुणाच्या बंद पडलेल्या दुकानातल्या कृती विकत घेते, आणि त्या तिसऱ्या मजल्यावर माझ्या टेबलावर येतात. येताना त्या वाटी, फुलपात्र, मूठ, चमचा आणि 'अंदाजानं' अशा भाषेत येतात. खाली भट्टीकडे जाताना ग्रॅममध्ये जातात. मधे मी, एक काटा, तीन चाळण्या आणि कडेवरचं जास्तीचं पीठ सारायला एक स्टीलची पट्टी.

मैद्याची वाटी किती ग्रॅमची, असं कुणी विचारलं की मी विचारते, भरली कशी? चाळून हलक्या हातानं भरली तर चौऱ्याऐंशी. डब्यात खुपसून काढली तर शंभरच्या वर. वर ओट्यावर दोनदा आपटली तर एकशे अठरा. वाटी तीच, मैदा तोच. जाडं मीठ आणि बारीक मीठ सख्खे भाऊ, पण एकाच वाटीत दोघांचं वजन कधी जुळत नाही. रवा तेवढा सरळ. आपटा नाहीतर गोंजारा, चार-पाच ग्रॅमच्या पलीकडे हलत नाही. माणसांत रवा कमी, मैदा फार.

त्या दिवशी मॅडमनी, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांनी, माझ्या टेबलावर एक पुडकं ठेवलं. "ताई, हे जरा जपून. मोठी कृती आहे. बाईंनी वहीबरोबर वाटीसुद्धा पाठवलीय, म्हणजे मापाचा प्रश्नच नको."

पुडकं सोडलं आणि माझे हात थांबले. पितळेची वाटी, कडेला चपटा पोचा. तो पोचा मीच पाडला होता, लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात. आणि वही माझ्या सासूबाईंची.

सासूबाईंना सगळा मोहल्ला अक्का म्हणायचा, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. त्यांचं बिस्किटांचं दुकान होतं. पुढे काउंटर, मागे भट्टी, मधे एक दार. काउंटरवर माझी थोरली जाऊ बसायची, भट्टीपाशी अक्का आणि मी. थोरलीचं तोंड गोड, गिऱ्हाईक तिला सोडून जायचं नाही. माझं तोंड कसं आहे ते तुम्हाला एव्हाना कळलं असेल, त्यामुळे मी आतच बरी होते. एकोणीस वर्षं मी अक्कांच्या डाव्या हाताला उभी राहिले.

अक्का गेल्या आणि महिन्याभरात थोरलीनं दुकान विकायला काढलं. घेणारा आला, चार नातेवाईक जमले. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "ह्यांना येतात का बिस्किटं करायला?" थोरली हसली. "हिला? ही भांडी घासायची हो. पोटापुरतं शिकली असेल इकडचं तिकडचं." सगळ्यांसमोर. माझे यजमान बाजूलाच उभे होते, मूग गिळून. वही, वाटी, दुकानाचं नाव, सगळं थोरलीकडे राहिलं. आम्ही दोघं गावाच्या दुसऱ्या टोकाला दोन खोल्यांत आलो. सेहेचाळिसाव्या वर्षी मी नोकरी शोधायला बाहेर पडले, आणि अर्जावर अनुभव म्हणून लिहायला माझ्याकडे एक ओळ नव्हती.

तेव्हापासून मला तिच्याकडून एकच गोष्ट हवी होती. दुकान नको, वाटी नको, माफीही नको. माफी काय, उचलली जीभ लावली टाळ्याला. तिनं माझ्यासमोर यावं आणि विचारावं, हे कसं करतात, मला येत नाही, सांग. बस. रोज भांडी घासताना मी ते वाक्य तिच्या आवाजात ऐकायचे. हो, भांडी घासतानाच.

आता ती वही माझ्यासमोर उघडी होती. 'मैदा चाळून चार वाट्या. पिठीसाखर एक वाटी. रवा. लोणी पाव किलो. मीठ चिमूट.' अक्कांचं टपोरं अक्षर. आणि मला हसू फुटलं, कारण हे वाचून जगातल्या कुणालाही अक्कांची बिस्किटं करता येणार नव्हती. एक मी सोडून.

त्याचं असं आहे. अक्का पहिली वाटी मोजायच्या नाहीत. पोत्यातली पहिली वाटी परातीत ओतायची आणि बोटांनी पसरून बघायची. किडा आहे का, खडा आहे का, दमटपणा लागलाय का, वास येतोय का. ठीक असेल तर ती तशीच परातीत राहायची आणि मोजणी दुसरीपासून सुरू व्हायची. एक, दोन, तीन, चार. म्हणजे परातीत पाच. साखरेचं तसंच, एक म्हणजे दोन. आणि ज्या जिनसापुढे आकडाच नाही, तो एक वाटी, फक्त बघायची वाटी. भट्टीपाशी माझ्या पहिल्या दिवशी मी पहिल्याच वाटीला 'एक' म्हटलं तेव्हा अक्कांनी माझ्या मनगटावर चापटी मारली होती. "ही बघायची असते. मोजायची नसते. बघितल्याशिवाय मोजणारी बाई मला घरात नको." त्याच दणक्यात वाटी हातातून सुटली आणि पोचा पडला.

आता हे घ्या. मैदा चाराच्या जागी पाच झाला तर पावपट वाढला. साखर एकाच्या जागी दोन, म्हणजे दुप्पट. रवा शून्याचा एक. कितीही डोकं चालवा, सगळं दीडपट करा, निमपट करा, हे गणित सुटत नाही. ज्याला माहीत नाही त्याला माहीत नाही.

आमच्या विभागाचा नियम साधा आहे. लिहिलंय ते तोलायचं. मनाचं घालायचं नाही. पण फॉर्मच्या शेवटी एक रकाना असतो, 'शंका'. कृतीत काही खटकलं तर तिथे लिहायचं, मग मॅडम फोन करून विचारतात. नऊ वर्षांत मी तो रकाना फार वेळा भरलाय. कुणी मिठाचा पेला लिहितं, कुणी सोडा विसरतं. माझ्या शंकांमुळे कंपनीची किती पाकिटं वाचली, ते मॅडमच सांगतील.

मी मैदा चाळला. हलक्या हातानं वाटी भरली, पट्टी फिरवली, तोलला. पाच वेळा केलं आणि सरासरी काढली. वाटीला चौऱ्याऐंशी, चार वाट्यांचे तीनशे छत्तीस ग्रॅम. पिठीसाखर अठ्ठ्याऐंशी. रव्यापुढे आकडा नाही. अशा वेळी आमच्याकडे 'आवश्यकतेनुसार, ट्रेवर भुरभुरण्यासाठी' असं लिहायची रीत आहे. ती मी पाळली. एक ग्रॅम इकडचा तिकडे केला नाही. मुद्दाम चूक करायची असती तर मैदा आपटून भरला असता, कुणाला कळलं असतं? पण मला तसलं काही नको होतं. माझा सूड मला धुतल्या तांदळासारखा हवा होता.

शंकेच्या रकान्यात मी लिहिलं, 'नाही'. खाली सही केली. त्या सहीचं शेवटचं अक्षर जरा वळणदारच आलं.

पंधरा दिवसांनी खाली भट्टीवर पहिली चाचणी होती. कृती देणाऱ्याला आम्ही चाचणीला बोलावतो. त्यानं चाखून 'हेच ते' अशी सही दिल्याशिवाय पुढचं काम होत नाही. थोरली आली. केस पिकले होते, पण चालण्यातला ताठा तसाच. मॅडम म्हणाल्या, "ह्या आमच्या मोजणीच्या ताई. तुमची वाटी ह्यांच्याच हातून गेली." आमचं आडनाव एक, पण त्या आडनावाची माणसं गावात पोत्यानं आहेत, त्यामुळे मॅडमना काही वाटलं नाही. थोरलीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. दोघींनीही ओळख दाखवली नाही.

भट्टीवाल्यानं ट्रे बाहेर काढला. सगळं लोणी ट्रेभर पसरलं होतं आणि त्यात बिस्किटं नावाची पिवळी थारोळी. भट्टीवाला वीस वर्षं ह्याच कामात मुरलेला, तोंडाचा फटकळ. "बाई, ही खायची की पुसायची?"

मॅडम गोंधळल्या. "ताई, वजनं पुन्हा बघा बरं."

मी काटा आणला, वाटी आणली आणि सगळ्यांसमोर तोलून दाखवलं. चौऱ्याऐंशी. पुन्हा चौऱ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. फॉर्मशी तंतोतंत. मॅडम थोरलीकडे वळल्या. "तुमच्याकडे काही वेगळं करत होते का? काही राहिलंय का लिहायचं?"

हाच तो क्षण. मी पट्टी पुसत उभी राहिले. आता ती म्हणेल, मला माहीत नाही, मी काउंटरवर बसायचे. आता तिला माझ्याकडे वळावं लागेल. माझ्या छातीत असं काही धडधडत होतं, की काट्यावर उभी राहिले असते तर आकडा स्थिर झाला नसता.

थोरलीनं ट्रेमधला एक तुकडा उचलला, जिभेवर ठेवला, सावकाश गिळला. मग रुमालानं बोटं पुसली. "वही बरोबर आहे," ती म्हणाली. "तुमची भट्टी वेगळी, लोणी वेगळं. तुम्ही थोडं जुळवून घ्या."

भट्टीवाल्याला तेवढंच हवं होतं. दुसऱ्या चाचणीला त्यानं लोणी निम्मं केलं. तिसरीला मक्याचं पीठ आणि दुधाची भुकटी घातली, गोडीसाठी सरबताला घालतात तसला पाक घातला, आणि वर कसलासा सुगंध. बिस्कीट उभं राहिलं. गोल, सोनेरी, चावलं की भुसभुशीत. वाईट नव्हतं. पाहुण्यांच्या घरी मिळतं तसं, खाल्लं आणि विसरलं असं. अक्कांचं बिस्कीट दाताखाली आधी कडाडायचं, मग रव्याचे कण रेंगाळायचे, मग लोणी यायचं. ह्यात त्यातलं एकही नव्हतं.

तिन्ही वेळा थोरली आली. तिन्ही वेळा मी पट्टी पुसत उभी राहिले. तिसऱ्या वेळी तिनं चाखलं, माझ्या डोळ्यांत डोळे घालून क्षणभर बघितलं, आणि मॅडमना म्हणाली, "हेच. अगदी अक्कांच्या हातचं." आणि सही केली.

मी घरी आले ती तरंगतच. ती विचारायला आली नाही, नाही तर नाही. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, त्या पिळापायी बाईनं खोट्या बिस्किटावर सही केली होती. तिला स्वतःच्याच घराची चव कळली नाही, किंवा कळली आणि गिळली. दोन्हीकडून माझंच फावलं. यजमानांना मी काही बोलले नाही. त्या रात्री मी पोटभर जेवले.

चार महिन्यांत पाकिटं दुकानांत आली. 'अक्कांची बिस्किटं', वर अक्कांचा फोटो, डोक्यावर पदर, चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू. यजमानांनी एक पाकीट आणलं, एक बिस्कीट खाल्लं आणि बाजूला सारलं. "मोठ्या वहिनीनं वाट लावली आईच्या नावाची," म्हणाले. मला इतका आनंद झाला, की मी त्यांना त्या दिवशी दोनदा चहा दिला. पुढे बरेच दिवस दुकानात गेले की मी ते पाकीट हातात घ्यायचे, मागच्या बाजूची वजनं वाचायचे आणि परत ठेवून द्यायचे. मनातल्या मनात म्हणायचे, घे, थोरले, भर पोट.

मग एका रविवारी दुपारी दार वाजलं. यजमान बाहेर गेले होते. दारात थोरली उभी.

"आत ये म्हणायची पद्धत आहे की नाही तुमच्यात?"

मी बाजूला झाले. ती आली, खुर्चीवर बसली, खोलीभर नजर फिरवली. मी पाणी दिलं. तिनं ते सगळं प्यायलं.

"धाकटे," ती म्हणाली, "काय राहिलं होतं वहीत?"

दहा वर्षं. दहा वर्षं मी हे ऐकायला थांबले होते, आणि ते इतक्या सहज आलं, की मला ते पुरेना.

"नीट विचारा, जाऊबाई."

तिनं पेला खाली ठेवला. "मला येत नाही. अक्कांनी मला शिकवलं नाही. तुला येतं. सांग."

माझे कान निवाले. खोटं कशाला सांगू, मला वाटलं आता मेले तरी चालेल. मी उठले आणि ओट्यावर मैद्याचा डबा, रवा, साखर, लोणी काढलं. वाटी माझी होती, साधी स्टीलची, पण मी ती केव्हाच त्या जुन्या वाटीशी ताडून ठेवली होती. परात तिच्यासमोर ठेवली. "तुम्हीच करा. मी सांगते."

तिनं मैदा चाळला, वाटी भरली, परातीत ओतली आणि म्हणाली, "एक."

मी तिचं मनगट धरलं. चापटी मारली नाही. मारावीशी वाटली, पण वयाचा मान ठेवला. "ही बघायची. मोजायची नाही. मोजणी दुसरीपासून."

थोरली माझ्याकडे बघत राहिली. मग परातीकडे. बोटांनी तिनं मैदा पसरला, अगदी अक्कांसारखा नाही, पण पसरला. "एवढंच?"

"एवढंच."

"बावीस वर्षं," ती म्हणाली, "मी त्या दाराच्या पलीकडे बसले. एवढ्यासाठी."

मग तिनं दुसरीपासून मोजायला सुरुवात केली. आम्ही लोणी फेसलं, पीठ मळलं, लाटलं, कापलं. माझ्या छोट्या भट्टीत दोन ट्रे बसतात. वास सुटला तशी थोरलीनं मान खाली घातली. पहिलं बिस्कीट गार होईपर्यंतही ती थांबली नाही. ती खात होती आणि मी तिला खाताना बघत होते, आणि मला वाटत होतं की आता ही रडेल, आणि रडावीच. ती रडली नाही. तिसरं बिस्कीट संपवून तिनं तोंड पुसलं.

"चाचणीचं बिस्कीट अक्कांचं नाही, हे मला तिथेच कळलं होतं," ती म्हणाली. "हाताला येत नसलं तरी जिभेला येतं मला. बावीस वर्षं काउंटरवरच्या बरणीतली फुटकी मीच खात होते."

"मग सही का केलीत?"

"तुझ्याकडे बघितलं ना. तुला ठाऊक होतं, आणि तू ओठ शिवून उभी होतीस. म्हटलं, वा, ही तर माझ्याच बाजूनं आहे."

"कुणाच्या विरुद्ध?" मी विचारलं. उत्तर मला खरंच माहीत नव्हतं.

"अक्कांच्या," थोरली म्हणाली.

तिचा आवाज चढला नाही. काउंटरवरून सुटे परत देताना जसा असायचा तसाच होता. "मी आत यायला निघाले की म्हणायच्या, तू बाहेर शोभतेस. मोजायची वेळ आली की दार लोटून घ्यायच्या. शेवटच्या आजारात मीच उशाशी होते. तू भट्टी सांभाळत होतीस. तेव्हा त्यांनी ही वही माझ्या हातात दिली. मला वाटलं, शेवटी का होईना, मला दिलं. त्या गेल्यावर पंधरा दिवसांनी मी घरी करून बघितली. चार वेळा. चारही वेळा ट्रेभर चिखल. तेव्हा समजलं, मला कागद दिला आणि हात तुला दिला. मरतानासुद्धा म्हातारीनं दार लोटूनच घेतलं." तिनं ट्रेवरचा एक कण बोटानं टिपला. "त्यानंतर दुकान विकायला काढलं. तुला जे बोलले ते त्यानंतर."

"मला बोललात ते बोललात. पण अक्कांचं नाव..."

"नावच तर म्हणते. आता गावोगावी त्यांच्या फोटोखाली लोक तो भुसा खातात आणि म्हणतात, अक्कांची बिस्किटं. उद्या आपण दोघी गेलो की तेवढंच उरेल. हे मला एकटीला जमलं नसतं गं. कंपनीवाले खोदून खोदून विचारणार हे मला माहीत होतं, आणि मला खोटं नीट बोलता येत नाही. पण तू कागदावर लिहून दिलंस, शंका नाही. मग कोण कशाला विचारतंय?"

मी ओट्याला टेकले. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, हे मी दुसऱ्यांच्या घरांबद्दल किती वेळा म्हटलं असेल. पाठीला ओटा गरम लागत होता, भट्टी अजून बंद केली नव्हती.

"मग आज कशाला आलात?" मी कसंबसं म्हटलं. "सूड तर झाला तुमचा."

"झाला," ती म्हणाली. "पण खायची इच्छा झाली." मग उठत म्हणाली, "डब्यात घालून दे थोडी."

आणि मी दिली. का दिली ते मला विचारू नका. हात आपोआप डब्याकडे गेले, खाली कागद घातला, थरावर थर लावले, झाकण दाबलं. तिनं डबा पिशवीत ठेवला आणि जिना उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मॅडमच्या खोलीत गेले. रात्रभर मी एवढंच ठरवलं होतं, की नोकरी गेली तर गेली, पण अक्कांचा फोटो त्या भुशावरून काढायचा, नाहीतर आतलं तरी खरं करायचं. मी सगळं सांगितलं. जाऊ माझी, वही सासूबाईंची, पहिली वाटी बघायची, मैदा चार नाही पाच, साखर दोन, रवा एक. मला माहीत होतं आणि मी मुद्दाम गप्प बसले. मॅडमनी मधे एकदाही अडवलं नाही. मग कपाटातून फॉर्म काढला, वरून खालपर्यंत वाचला, रकान्यावर बोट ठेवलं.

"ताई, तुमचं एकही वजन चुकलेलं नाही."

"वजन बरोबर आहे. वाट्या चुकल्यात."

"वहीत चार आहेत. तुम्ही चारच तोलल्यात. सही तुमची, सही बाईंची." त्यांनी चष्मा काढला. "माल खपतोय. आता वरच्यांना सांगायचं झालं तर मला काहीतरी धरून सांगावं लागेल. तुमच्याखेरीज हे कुणाला माहीत आहे?"

"जाऊबाईंना," मी म्हटलं. "कालच सांगितलं मी त्यांना. स्वतःच्या हातानं करून गेल्या."

मॅडमनी तिथल्या तिथे फोन लावला आणि मलाही ऐकू यावं म्हणून तो टेबलावर ठेवला. पाच-सहा वेळा वाजल्यावर थोरलीनं उचलला. मॅडमनी नीट विचारलं, आदरानं, एकेक वाटी उलगडून. अक्का पहिली वाटी मोजत नसत, हे खरं का?

 पलीकडून तिचा गिऱ्हाइकांसाठीचा गोड आवाज आला. "नाही हो. असं काही नव्हतं आमच्याकडे. वहीत आहे तसंच."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. थोरलीनं फोन अजून ठेवला नव्हता. तेवढ्यात तिनं काहीतरी चावलं. आधी कडाड, आणि मग दाताखाली रव्याचा बारीक आवाज, अगदी स्पष्ट, टेबलावरच्या फोनमधून.

बरोबर झाली होती बिस्किटं.